एका फोनची दोन सर्टिफिकेटं

आमच्या नात्यात कुणाचंही लग्न असलं, की जेवणाच्या रांगेत कुणीतरी मला हमखास गाठतं आणि विचारतं, "काका, हॉलच्या वायफायचा पासवर्ड काय हो?" जसा काही मी हॉलमालकाचा जावई. चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात माझे केस गेले, आणि त्यातली काही वर्षं तर केवळ लोकांच्या फोनमध्ये वायफायची सर्टिफिकेटं घालण्यात गेली. नातेवाइकांच्या लेखी मात्र मी म्हणजे पासवर्ड ठाऊक असलेला माणूस. मी खुलासा करायला तोंड उघडतो, तेवढ्यात आमची सौ. सुनीता शेजारून म्हणते, "तुमचं ते कुलपाचं आता सुरू करू नका. जिलबी गार होतेय."

तर तिथं राहून गेलेलं इथं सांगतो. इथं सुनीता नाही, आणि जिलबीही नाही.

घरचं वायफाय म्हणजे पंगत. पासवर्ड कळला की कुणीही येऊन पानावर बसावं. आमच्या रावेतच्या सोसायटीत तर वरच्या मजल्यावरचेही आमच्याकडे जेवून जातात. कंपनीचं वायफाय म्हणजे कँटीनचं कार्ड. ज्याच्या नावाचं, त्यालाच ताट. तिथं पासवर्ड सांगून भागत नाही. प्रत्येकाच्या फोनच्या पोटात त्याच्या नावाचं एक सर्टिफिकेट बसवावं लागतं. सर्टिफिकेट म्हणजे शिक्क्याचा कागद नव्हे, एक चिमुकली फाइल. फोन आत येताना ती दाखवतो, दारावरचं यंत्र नाव बघतं, मुदत बघतं आणि मग आत घेतं. गंमत अशी, की त्याच वेळी फोनही कंपनीचं सर्टिफिकेट तपासतो: तू खरीच आमची कंपनी ना, का बाहेर टपरीवर कुणी तुझ्या नावाची पाटी लावून बसलंय? कामगारानं कंपनीचं ओळखपत्र तपासावं अशी अख्ख्या एमआयडीसीत ही एवढीच एक जागा. मला याचा फार अभिमान वाटायचा. एकदा मोठ्या साहेबांना बोलून दाखवला. त्यांना नाही वाटला.

आता कामगारांना वायफाय कशाला, तर कंपनीनं कागदी चेकशीट बंद केली होती. शिफ्ट सुरू करताना मशीनचं तेल, दाब, पुढची संरक्षक जाळी बघून फोनवर खुणा करायच्या. त्यासाठी कंपनी टॅब देणार होती, पण मग कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रत्येकाच्या खिशात फोन असतोच. शेडला वरून पत्रा, खाली लोखंड. मोबाइलची रेंज दारातच चपला काढून उभी राहते. म्हणून वायफाय. आणि आतल्या पार्टचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून दोन नंबरच्या गेटवर सिक्युरिटीवाला प्रत्येक फोनच्या मागच्या-पुढच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवायचा. बाहेर पडताना तोच काढायचा. हे स्टिकर लक्षात ठेवा.

माझी जागा कँटीनच्या भिंतीतल्या एका खिडकीमागं. बाहेर रांग, आत मी. एका फोनला आठेक मिनिटं लागत. त्या आठ मिनिटांत समोरचा माणूस मोकळ्या हातानं उभा असतो, आणि फोन नसला की माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. मग तो बोलतो. कुणाच्या पडद्यावर कुलदैवत, कुणाच्या बैलजोडी, कुणाच्या बायकोचा अर्धा चेहरा, कारण उरलेल्या अर्ध्यात सासूबाई होत्या आणि त्या कापल्या होत्या. मी काही विचारायचो नाही. फोन हातात असला की विचारावं लागत नाही.

माझी निम्मी भांडणं कुलपावरून व्हायची. सर्टिफिकेट पोटात घेण्याआधी फोन अट घालतो, की आधी मला कुलूप लाव. नंबरचं, नक्षीचं, कसलंही. आणि तेव्हाच्या फोनांचं असं होतं, की कुलूप काढलं की ते रागानं सर्टिफिकेटही फेकून द्यायचे. हे मी निघोज्याच्या सोपानरावांना समजावत होतो. सोपानराव स्टोअरला होते, साठीच्या अलीकडचे.

"कुलूप कशापायी? माझ्या घराला न्हाई कुलूप, आन् फोनला?"

"आबा, फोनच मागतो. मी नाही मागत."

"आन् त्ये सर्टिफिकिट काय म्हनतं?"

"तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात, असं म्हणतं."

सोपानरावांनी खिडकीतून आत मान घातली आणि माझ्या खुर्चीकडं बोट केलं. "तू बसलाय ना, तिथं आमचं हरभऱ्याचं वावर हुतं. माझ्या वावरात बसून मलाच इचारतो, मी कोन हाय? व्हय रं?"

मी नकळत खुर्चीखाली बघितलं. मागच्या रांगेत हशा पिकला. शेवटी त्यांनी कुलूप लावलं. वरून खाली एक सरळ रेघ. "नांगराचं तास हाय," म्हणाले, "इसरायचो न्हाई."

जमीन कंपन्यांत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर सोपानरावांनी दहा खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत गजानन आणि रेखा हे हिंगोलीकडचं जोडपं राहायचं. दोघंही आमच्याच कंपनीत. गजानन पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या प्रेसवर, रेखा वायर हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायच्या लाइनवर. मला सांगायची आहे ती गोष्ट यांची.

एके दिवशी हेड ऑफिसच्या सिक्युरिटी विभागातून मला मेल आली. गजानन नावाचा कामगार रोज पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही शिफ्टला नेटवर्कवर दिसतो. एकाचं सर्टिफिकेट दुसरा वापरत असावा. दोन दिवसांत खुलासा करा, नाहीतर नाव एचआरकडं जाईल. गजानन कॉन्ट्रॅक्टवर होता. दरवर्षी त्याचं नाव पुढं सरकायचं, ते कुणी बोट ठेवलं नाही तरच. एचआरकडं मेल जाणं म्हणजे बोट ठेवणंच.

चहाच्या सुट्टीत मी त्याला खिडकीवर बोलावलं.

"गजानन, तू दोन्ही शिफ्ट करतोस का?"

"न्हाई सर. एकच करतो, ती बी निघत न्हाई."

"मग साडेतीननंतर तुझा फोन आत काय करतो?"

त्याचे कान लाल झाले. "फोन दोघांचा हाय सर. सुटल्यावर गेटवर मिसेसला देतो. तिलाबी चेकशीट भरायची असती."

मग सुट्टीच्या उरलेल्या आठ मिनिटांत सगळं बाहेर आलं. दुसरा फोन होता, पण तो गावाकडं त्याच्या आईपाशी होता, कारण तिथं ईश्वरी होती. ईश्वरी म्हणजे यांची मुलगी, दोन वर्षांची. दोघंही पहिल्या शिफ्टला लागले तेव्हा तिला आजीकडं ठेवावं लागलं. पुढं हार्नेसचं काम वाढलं आणि रेखाची लाइन कायमची दुसऱ्या शिफ्टला गेली. रात्री ती येते तेव्हा हा झोपलेला, सकाळी हा निघतो तेव्हा ती. रविवार सोडला तर भेट काय ती साडेतीनला, दोन नंबर गेटजवळच्या सायकल स्टँडपाशी. पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी आत शिरताना जी दहा-बारा मिनिटं मिळतात तेवढी. त्यात तो तिला फोन द्यायचा, ती त्याला खोलीची किल्ली द्यायची. एकाच शिफ्टला घ्या म्हणून तो आठ महिने सुपरवायझरच्या मागं होता. सुपरवायझर आठ महिने "बघू" म्हणत होता.

"आणि पोरीशी बोलता कधी?"

"ह्या सुट्टीत मी, संध्याकाळच्या सुट्टीत ती. व्हिडिओ कॉल करतो सर, वायफायवर." मग जरा हसून म्हणाला, "आमाला ती दिसती. तिला आमी कुठं दिसतो? स्टिकर हाय ना. तिला निस्तं लाल दिसतंय. आई म्हणती, तिकडं कुणी लाल लुगडं नेसून आलं की ही म्हणती आई आली."

माझ्या खात्यानं भिंतीवर लावलेली पाटी माझ्याच डोक्यावर होती: आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे. आता याला गुन्हेगार करायचं कसं? मी नियमांची फाइल काढली. आयुष्यात पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत वाचली. एका सर्टिफिकेटवर एकच माणूस, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण एका फोनमध्ये एकच सर्टिफिकेट, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. झालं! त्याच फोनमध्ये रेखाच्या नावाचं दुसरं सर्टिफिकेट घालायचं. गेटवर फोन हातात आला की तिनं नाव बदलून घ्यायचं. हेड ऑफिसला लिहिलं, की रेखा यांचं सर्टिफिकेट द्यायचं माझ्याकडून राहून गेलं, चूक माझी आहे, दुरुस्त करतो. वकिलाच्या घराण्यात जन्मायला हवा होतो, असं मला तेव्हा वाटलं. आणखी दोन दिवस तसंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गजाननचा फोन घेऊन बसलो. दुसरं सर्टिफिकेट काही केल्या बसेना. फोन म्हातारा, सुट्टी संपत आलेली, मागं रांग, रांगेत कुणीतरी म्हणतंय, "सर, आवरा राव, चहा राहिला." आमच्या धंद्यात एक रामबाण असतो, रीसेट. फोन पहिल्या दिवसासारखा कोरा करायचा आणि नव्यानं सगळं घालायचं.

"रीसेट करावा लागेल. फोटो काढून ठेवतो बाजूला."

"ठेवा सर," गजानन म्हणाला. "तुम्हाला कळतं."

फोटो काढून ठेवले. नंबर काढून ठेवले. फोन कोरा केला. दोन्ही सर्टिफिकेटं बसली. नाव कसं बदलायचं ते त्याला दोनदा करून दाखवलं. संध्याकाळी पडद्यावर बघितलं, तर साडेतीनला गजाननचं नाव मावळलं आणि थोड्या वेळानं त्याच फोनवर रेखाचं उगवलं. रात्री जेवताना सुनीताला हे सगळं सांगितलं. तिनं चक्क दुसरी पोळी वाढताना "बरं केलंत" म्हटलं. असा योग आमच्या घरी दुर्मिळ.

सकाळी खिडकी उघडतोय तर सोपानराव उभे.

"सायेब, काय केलं तू त्या पोरांच्या फोनचं?"

"चांगलं केलं, आबा. नोकरी वाचवली गजाननची."

"आन् बोलनं कुठं गेलं त्यांचं?"

मला कळेना. सोपानरावांनी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकवली. "रोज सकाळी गजा नळावर दात घासतो आन् फोन कानाला लावून हसतो. बायको तर आत झोपल्याली. मी म्हनलं, याचं भाईर काय लफडं हाय का काय! येक दिस कान दिला, तर बायकूच बोलत हुती फोनातून. ती राती यिऊन बोलून ठिवती, ह्यो सकाळी ऐकतो. ह्यो दिसाचं बोलून ठिवतो, ती दुपारच्याला ऐकती. आज सकाळच्याला नळावर नुसताच उभा हुता. ब्रश तोंडात, फोन हातात. मी म्हनलं काय झालं, तर म्हनला, आबा, समदं पुसलं."

फोन एकच, नंबर एकच. एकमेकांना कॉल करता येत नाही, मेसेज करता येत नाही. म्हणून ती दोघं फोनमधल्या रेकॉर्डरवर बोलून ठेवत होती. आठ महिन्यांचा संसार एका फोल्डरमध्ये होता. मी फोटो विचारले, नंबर विचारले. आणखी काही आहे का, एवढं विचारलं नाही. इतकी वर्षं मी मिरवत होतो, की फोन हातात असला की मला विचारावं लागत नाही.

दुपारी तीनला, शिफ्टच्या आधी, रेखा खिडकीवर आली. तोवर मी तिला नावानंच ओळखत होतो. बारीक चणीची, बोलताना समोर बघणारी बाई. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"सर, माघारी येतं का काही?"

"प्रयत्न करतो. काय काय होतं त्यात?"

"काय असणार सर. गॅस संपत आलाय, दळण टाका, आबांनी वीजबिलाचं विचारलंय." तिनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "आणि ईश्वरी काय बोलली ते. सकाळी ती यांच्याशी बोलायची. ते मग तिचा आवाज काढून दाखवायचे. ती पहिल्यांदा सगळं वाक्य बोलली, 'मला नको दूध', ते ह्यांनी तिच्या आवाजात काढलं होतं. एवढा मोठा माणूस, प्रेसवरचा, बारीक आवाजात 'मला नको दूध'." तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. "ते मी रोज ऐकायचे."

मी तीन दिवस तो फोन दुपारी अर्धा अर्धा तास मागून घेतला. सगळी अवजारं लावली. परत काय आलं, तर एका डायचे, म्हणजे प्रेसच्या साच्याचे दोन धूसर फोटो, जे त्यानं काढायलाच नको होते. आणि त्या तीन दिवसांत आणखी एक कळलं. दुसरं सर्टिफिकेट बसत नव्हतं तेव्हा नुसता सर्टिफिकेटांचा कप्पा रिकामा केला असता तरी भागलं असतं. रीसेटच्या दोन पायऱ्या अलीकडं. चहाची सुट्टी संपत होती म्हणून मी त्या दोन पायऱ्या उडवल्या. हे मी गजाननला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहितोय.

सुनीताला घरी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "विचारलं नाहीत?" आमचा मुलगा अनिकेत जर्मनीत आहे. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो आणि मी त्याला जेवलास का, थंडी आहे का, एवढं विचारतो. तेव्हाही ती अशीच बघते.

चौथ्या दिवशीही फोन मागून घेतला होता, तो परत न्यायला रेखाच आली. "राहू द्या सर," म्हणाली. "हे गावाकडं जातायत, दोन दिवस."

"काय झालं?"

"काही नाही. ईश्वरीला आणायला." मग फोन हातात घेत म्हणाली, "ऐकायला काही राहिलं नाही, तेव्हा रविवारी आम्ही दोघं बसलो. कोण कधी घरी असतं ते बोलत होतो. मीच म्हणाले, अहो, आपण शिफ्ट उलट्या म्हणून आठ महिने रडतोय. उलट्या आहेत म्हणून तर खोलीत कायम एक जण असतं. पोरीला गावाकडं ठेवलं होतं ते दोघांच्या शिफ्ट सारख्या होत्या म्हणून. त्या बदलल्या, आम्ही नाही बदललो."

तुम्ही केलं ते बरंच झालं सर, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होतो, हे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात साडेतीनला मी दोन नंबर गेटवर गेलो. वायफायचा सिग्नल तपासतोय असं दाखवत हातात एक यंत्र धरून उभा राहिलो, बंद असलेलं. रेखा आली ती कडेवर पोरगी घेऊन. गजानन बाहेर आला. सिक्युरिटीवाल्यानं त्याच्या फोनचे स्टिकर काढले. मग सायकल स्टँडपाशी देवाणघेवाण झाली. त्यानं फोन दिला. तिनं किल्ली दिली आणि मग पोरगी दिली. दहा मिनिटं तिघं तिथं उभी होती. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, आणि मी यंत्राकडं बघत होतो. रेखा आत शिरायला निघाली, सिक्युरिटीवाल्यानं फोनला नवा लाल स्टिकर लावला. पोरीनं बापाच्या खांद्यावरून वाकून त्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई." मग मान वर करून रेखाकडं बघितलं. दोघींत खरी कुठली, हे ती बराच वेळ ठरवत होती. रेखा उशीर होत असूनही हलली नाही.

काही दिवसांनी गजानन खिडकीवर आला, दुसऱ्याच कामाला. मी भीत भीत विचारलं, "रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलंत का?"

"न्हाई सर. आता ईश्वरीच सांगती. आई काय म्हणाली ते मला, बाबा काय म्हणाले ते तिला." तो हसला. "निम्मं चुकीचं सांगती. परवा हिनं निरोप दिला, मिरच्या आणा. मी आणलं मोरपीस."

आता माझी खिडकी नाही. तिथं काच बसवली आणि मागं कँटीनची भांडी ठेवली. आता फोनवर एक ॲप टाकलं की सर्टिफिकेट आपसूक येऊन बसतं, मुदत संपली की आपसूक नवं होतं. माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही. आठ मिनिटं वाचली. मी वरच्या मजल्यावर एसीत बसतो. समोर मोठा पडदा, पडद्यावर नावं, नावांपुढं ठिपके. आत असलेल्याचा हिरवा, नसलेल्याचा करडा. बैलजोडी नाही, कापलेल्या सासूबाई नाहीत. सोपानराव निवृत्त झाले. त्यांच्या हरभऱ्याच्या वावरात मी एक मजला वर चढलो, एवढंच.

गजानन आणि रेखा अजून आहेत. दोघांचे फोन आता वेगळे आहेत. ईश्वरी बालवाडीत जाते. शिफ्ट मात्र उलट्याच. सुपरवायझर बदलला, नवाही "बघू" म्हणतो.

दुपारी साडेतीन वाजले की मी चहा तसाच ठेवतो आणि पडद्यावर ती दोन नावं शोधतो. गजाननचा ठिपका करडा होतो. रेखाचा अजून हिरवा झालेला नसतो. दहा मिनिटं, कधी बारा. तेवढा वेळ माझ्या पडद्यावर दोघंही कुठंच नसतात. मग रेखाचा ठिपका लागतो आणि मी चहा घेतो. तोवर तो गार झालेला असतो.